दगडावरील ओळ : अहिल्यानगरची ख्रिस्ती दफनभूमी आणि रेव्हरंड टिळकांची समाधी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• स्मृतिशिलेकडे एक लिखित संहिता म्हणून पाहता येईल;
• अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती वसाहतीची आणि तिच्या दफनभूमीची पार्श्वभूमी सांगता येईल;
• ना. वा. टिळक यांच्या समाधीवरील ओळीचे भाषिक आणि वाङ्मयीन विशेष स्पष्ट करता येतील;
• स्मृतिशिला जे सांगत नाही, ते कोणत्या साधनांतून शोधावे हे समजेल;
• आपल्या परिसरातील एखाद्या शिलालेखाची शिस्तशीर नोंद करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, साहित्याचा अभ्यास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक उभे राहते. परंतु मराठी भाषा पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी दगडावर आली. मंदिराच्या तुळईवर, दानलेखावर, विहिरीच्या कमानीवर ती कोरली गेली आणि माणसाच्या मृत्यूनंतर उभारलेल्या शिळेवरही तिला जागा मिळाली. पुस्तकातील मजकुराला पाने कमी पडत नाहीत. दगडावरील मजकुराला मात्र जागा मोजकीच असते आणि प्रत्येक अक्षराला छिन्नीचे श्रम पडतात. म्हणून तेथे काय लिहायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय कोणालातरी फार विचारपूर्वक घ्यावा लागतो. हा निर्णय वाचणे म्हणजेच स्मृतिशिला वाचणे होय.

प्रस्तुत घटकात आपण अहिल्यानगर शहरातील जुन्या ख्रिस्ती दफनभूमीचा आणि तेथील एका समाधीचा विचार करणार आहोत. ही समाधी कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची आहे. आपल्या मृत्यूनंतर आपल्या देहाचे काय करावे आणि आपल्या समाधीवर कोणते शब्द असावेत, याची इच्छा त्यांनी स्वतःच व्यक्त करून ठेवली होती. त्यामुळे येथे आपल्यासमोर एका कवीने जाणीवपूर्वक केलेली शेवटची शब्दनिवड आहे.

एक खुलासा आरंभीच करू. २०२४ मध्ये अहमदनगर शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे ‘अहिल्यानगर’ असे झाले. जुन्या शिळांवर, पुस्तकांत आणि नियतकालिकांत आपणांस ‘अहमदनगर’ किंवा नुसते ‘नगर’ असेच नाव आढळेल. संदर्भ शोधताना ही सर्व रूपे लक्षात ठेवावीत. या घटकात जुन्या काळाविषयी लिहिताना ‘नगर’ हे लोकांच्या तोंडचे रूप वापरले आहे.

२. मराठी मुलखातील स्मृतिशिळा

मृतांची आठवण दगडात ठेवण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. गावाच्या वेशीजवळ किंवा जुन्या मंदिराच्या आवारात आपण वीरगळ पाहिला असेल. त्यावर बहुधा एकही अक्षर नसते. सर्वांत खालच्या चौकटीत वीराचा मृत्यू किंवा युद्ध, मधल्या चौकटीत अप्सरांनी केलेले त्याचे स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. सूर्यचंद्र असेपर्यंत ही कीर्ती राहो, असे तो दगड चित्रातून सांगतो. मात्र वीराचे नाव कोरलेले नसेल, तर चार-सहा पिढ्यांनंतर कीर्ती राहते आणि ती कोणाची हेच उरत नाही.

याच जिल्ह्यातील नेवासे येथील पैसाचा खांब आपणांस ठाऊक आहेच. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्या खांबावर एक जुना दानलेखही कोरलेला आहे. परंतु वारकरी तेथे जातो तो दानलेख वाचण्यासाठी नव्हे. दगडावर जे लिहिले आहे त्यापेक्षा दगडाभोवती लोकांनी जपलेली आठवण येथे बलवत्तर ठरली.

याच्या उलट एक उदाहरण नगर शहराच्या पूर्वेला डोंगरावर उभे आहे. तीन मजली, अष्टकोनी अशी ती भव्य वास्तू दुरूनही दिसते. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. निजामशाहीतील मंत्री दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. वास्तू टिकली, पण तिच्यावरचे नाव लोकांच्या स्मरणातून गेले आणि त्या रिकाम्या जागी अधिक प्रिय असलेले नाव येऊन बसले. चांदबिबीने मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला होता. तिच्या आठवणीला एखादी उंच जागा असावी असे लोकांना वाटले, यात नवल नाही. मात्र अभ्यासकाने यावरून एक गोष्ट शिकावी. दगड भक्कम असला म्हणून आठवण भक्कम राहतेच असे नाही. आठवणीला वाचक लागतो.

आपली प्रगती तपासा – १
(अ) वीरगळाच्या माथ्यावर सूर्यचंद्र का कोरलेले असतात?
(आ) ‘चांदबिबीचा महाल’ या नावातून स्मृतीविषयी कोणता निष्कर्ष काढता येतो?

३. नगरची ख्रिस्ती वसाहत आणि तिची दफनभूमी

अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्हज, हर्वी आणि रीड हे तीन मिशनरी नगरला आले. त्यांच्यापैकी विल्यम हर्वी पुढच्याच उन्हाळ्यात, १८३२ मध्ये, पटकीने मृत्यू पावले. त्यांच्याबरोबर काम करणारे बाबाजी हे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थही पुढच्या वर्षी पटकीलाच बळी पडले. हॉलिस रीड यांनी बाबाजींचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि ते १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १८३३ मध्ये नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. म्हणजे या समाजाला प्रार्थनेसाठी जागा लागली, त्याच सुमारास मृतांसाठीही जागा लागली. साथींच्या त्या काळात ही गोष्ट अपवादात्मक नव्हती.

दफनभूमी ही त्या नव्या समाजाची सामाजिक गरजही होती, हे आपण लक्षात घ्यावे. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याची जात आणि भावकी सहसा दूर करीत असे. जिवंतपणी पंगतीतून उठवलेल्या माणसाला मृत्यूनंतर गावच्या मसणवट्यात कोण खांदा देणार? मरणाच्या वेळी आपल्याबरोबर कोण चालेल, हा प्रश्न पहिल्या पिढीतील प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबासमोर उभा होता. दफनभूमीची भिंत ही त्या प्रश्नाला मंडळीने दिलेले उत्तर होती. तिच्या आत ब्राह्मण कुळातून आलेला आणि महार-मांग वस्तीतून आलेला, परदेशी आणि देशी, असे सर्व एकाच मातीत येणार होते. प्रत्यक्ष जीवनात जातीच्या भिंती किती पडल्या, हा वेगळा अभ्यासविषय आहे. परंतु त्या आवारात उभे राहून ओळीने नावे वाचताना हा विचार सुचल्यावाचून राहत नाही.

या वसाहतीने मराठी वाङ्मयव्यवहाराला काय दिले, हेही पाहिले पाहिजे. जून १८४२ मध्ये नगर येथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. जुन्या काळातील मृत्युवार्ता, मंडळ्यांचे वृत्तान्त आणि व्यक्तींची अल्पचरित्रे शोधताना ‘ज्ञानोदया’चे अंक अभ्यासकाला फार उपयोगी पडतात. शिळेवर चार ओळी असतील, तर त्या माणसाविषयी चार परिच्छेद तेथे मिळण्याचा संभव असतो.

४. एक नाव, जे दगडाबाहेर टिकले

टिळकांच्या समाधीकडे वळण्यापूर्वी आणखी एका मृत्यूची नोंद करू. सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर प्रांतात झाला. त्या अविवाहित होत्या आणि शिक्षिका म्हणून १८२७ मध्ये मुंबईस आल्या. अमेरिकन मंडळाने परदेशी पाठवलेल्या अगदी आरंभीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक होत. मुंबईत आणि पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी नगरमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

आज एखाद्या मराठी वाचकाला फरारबाईंचे नाव ठाऊक असते, ते बहुधा जोतीराव फुले यांच्या चरित्रामुळे. नगर येथील त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्या मनात मुलींसाठी शाळा काढण्याचा विचार दृढ झाला, असे फुले यांनी सांगितले आहे. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठी घेतलेल्या प्रशिक्षणाच्या संदर्भातही त्यांचे चरित्रकार फरारबाईंचे नाव घेतात.

स्मृतीच्या अभ्यासात हे उदाहरण महत्त्वाचे आहे. ज्या स्त्रीने नगरच्या मुलींना अक्षरे शिकवली, तिची आठवण मुख्यतः दुसऱ्याच्या कार्यातून आणि दुसऱ्याच्या शब्दांतून आपल्यापर्यंत आली. सलाबतखानाची वास्तू टिकली आणि नाव निसटले. फरारबाईंचे नाव टिकले, आणि त्याला दगडाच्या आधाराची गरज भासली नाही. तिसरा प्रकार असा, की ज्यात स्थळ, नाव आणि त्या माणसाचे स्वतःचे शब्द हे तिन्ही एकत्र येतात. टिळकांची समाधी ही या तिसऱ्या प्रकारातील आहे.

५. ना. वा. टिळक : नगरशी असलेले नाते

नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर ते नगरला आले. तेथे अमेरिकन मिशनच्या ईश्वरविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. मुलांसाठी असलेल्या ‘बालबोधमेवा’ या मासिकासाठी आणि पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागासाठी त्यांनी संपादनकार्य केले. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. नगरचे त्यांचे घर हे अनेकांचे आश्रयस्थान होते. बालकवी ठोंबरे हेही काही काळ त्यांच्या घरी राहिले.

दीक्षेनंतर पत्नी लक्ष्मीबाई आणि टिळक यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती दीक्षा घेतली.

आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशी टिळकांची धारणा होती. ख्रिस्ताची भक्ती करण्यासाठी मराठी माणसाने मराठीपण टाकण्याचे कारण नाही, ही त्यांची भूमिका त्यांच्या अभंगांतून, भजनांतून आणि जीवनक्रमातूनही दिसते. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम आरंभला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या देहाचे दहन करावे, ही त्यांची इच्छा होती. त्या काळातील ख्रिस्ती समाजात दफन हीच रीत होती. हे लक्षात घेतले म्हणजे या इच्छेचे महत्त्व कळते. त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि रक्षा नगरला आणून ख्रिस्ती दफनभूमीत ठेवण्यात आली. अशा रीतीने दहन आणि दफन हे दोन्ही संस्कार त्यांच्या वाट्याला आले. जन्माने लाभलेली रीत आणि श्रद्धेने स्वीकारलेली भूमी, यांपैकी एकीची निवड करून दुसरी टाकण्याऐवजी त्यांनी दोहोंना एका जागी आणले. त्यांच्या कवितेत अभंगाचा छंद आणि ख्रिस्ताचे नाव जसे एकत्र नांदते, तसेच येथेही घडले.

आपली प्रगती तपासा – २
(अ) पहिल्या पिढीतील ख्रिस्ती कुटुंबांना स्वतंत्र दफनभूमीची गरज का भासली असावी?
(आ) टिळकांच्या दहनाच्या इच्छेतून त्यांची कोणती भूमिका व्यक्त होते?

६. समाधीवरील ओळ : भाषिक विवेचन

टिळकांच्या समाधीवर त्यांच्या स्वतःच्याच पदातील ओळ आहे. आपल्यात अजूनही फार अपुरेपणा शिल्लक आहे, अशी प्रभूजवळ दिलेली कबुली हा तिचा आशय आहे. वरकरणी साध्या वाटणाऱ्या या ओळीचा स्मृतिलेखनाच्या रूढ पद्धतीशी ताडून विचार करू.

(१) पुरुष. समाधीवरील मजकूर सामान्यतः तृतीयपुरुषी असतो. ‘येथे अमुक विसावा घेत आहे’, ‘अमुक प्रभूमध्ये निजला’ अशी त्याची ठरावीक वाक्ये असतात. लिहिणारे मागे राहिलेले लोक असतात आणि मृत व्यक्ती हा त्या वाक्याचा विषय असतो. टिळकांच्या समाधीवरील ओळ प्रथमपुरुषी आहे. गेलेला माणूसच तेथे बोलतो.

(२) संबोधन. शिळेवरील मजकूर बहुधा वाटसरूला उद्देशून असतो : थांब, वाच, आठवण ठेव. ही ओळ आपल्याशी बोलतच नाही. ती प्रभूशी बोलते. आपण तेथे उभे असतो ते दुसऱ्याची प्रार्थना कानांवर पडल्याप्रमाणे. शिवाय हे संबोधन एकेरी आणि जवळिकीचे आहे. देवाला ‘अरे’ म्हणण्याचा अधिकार मराठी भक्ताला संतांनी मिळवून दिला. जनाबाई, नामदेव, तुकाराम यांच्या वाणीतील ही सलगी टिळकांनी सहजपणे आपल्या उपासनेत आणली. इंग्रजी प्रार्थनेतील आदरार्थी शैली मराठीत उतरवण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही.

(३) काळ. ‘अजून’ या अर्थाचे क्रियाविशेषण समाधीवर येणे ही विलक्षण गोष्ट आहे. मृत्यू म्हणजे पूर्णविराम, अशी आपली समजूत असते. जन्म आणि मृत्यू या दोन तारखांमध्ये आयुष्य बंद केलेले असते. ‘अजून’ या शब्दाने तो कंस उघडा राहतो. अपुरेपणा आहे, याचा अर्थ वाढीला वाव आहे. जिवंतपणी लिहिलेली ओळ समाधीवर गेल्यावर तिचा अर्थ असा पालटतो. साधकाची रोजची कबुली मृत्यूनंतरच्या आशेचे रूप घेते.

(४) आशय. मृतांविषयी चांगलेच बोलावे, हा संकेत जगभर आहे. गुणगान हा स्मृतिलेखनाचा स्थायीभाव असतो. जुन्या इंग्रजी थडग्यांवर पदव्या, हुद्दे, सेवेची वर्षे आणि सद्गुण यांची यादी आढळते. येथे त्याऐवजी उणेपणाची कबुली आहे. मराठी संतकवितेचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला हा स्वर परका वाटणार नाही. स्वतःचे दोष देवापुढे मोकळेपणाने मांडणे हे तुकोबांच्या अभंगांतील एक प्रमुख सूत्र आहे. टिळक ज्या सेतूविषयी बोलत, तो येथे दगडावर दिसतो.

७. स्मृतिलेखनाची शब्दसंपदा

दफनभूमीशी निगडित मराठी शब्दांकडेही बारकाईने पाहावे. ‘थडगे’ हा रांगडा, लोकव्यवहारातील शब्द आहे. ‘कबर’ हा अरबीतून आलेला. ‘समाधी’ हा संस्कृत शब्द असून त्याला संतपरंपरेचा संदर्भ आहे. ज्ञानेश्वर समाधिस्थ झाले, असे आपण म्हणतो. टिळकांच्या स्मृतिस्थळाला मराठी लेखक जेव्हा ‘समाधी’ म्हणतात, तेव्हा नकळत त्यांना संतांच्या पंक्तीत बसवतात. एकाच वस्तूसाठी कोण कोणता शब्द वापरतो, यावरून बोलणाऱ्याची दृष्टी कळते.

दुसरे उदाहरण मृतांच्या नावाआधी येणाऱ्या विशेषणाचे. हिंदू मृतासाठी ‘कैलासवासी’ किंवा ‘वैकुंठवासी’, मुसलमान मृतासाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती मृतासाठी ‘ख्रिस्तवासी’ किंवा ‘प्रभुवासी’ असे आपण लिहितो. ‘-वासी’ हा साचा मराठीने सर्वांना सारखाच दिला. प्रत्येक समाजाने त्यात आपल्या श्रद्धेचे स्थान घातले. परकी श्रद्धा भाषेत रुजते ती अशी, जुन्या प्रत्ययाला नवे पद जोडून.

शुद्धलेखन हाही काळ ओळखण्याचा एक मार्ग आहे. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीवर आधारलेले, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. शिळेवर ‘येथें’, ‘झालें’, ‘त्यांचें’ अशी रूपे दिसली, तर मजकूर त्याआधीचा असण्याची शक्यता अधिक. मात्र जुन्या वळणाची माणसे नंतरही तसेच लिहीत राहिली, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष जपून काढावा.

८. दगडावर जे नाही ते

एवढे वाचल्यानंतर एक प्रश्न उरतो. या समाधीवरून टिळकांच्या संसाराविषयी आपल्याला काय कळते? काहीच नाही. लक्ष्मीबाईंनी सोसलेली ताटातूट, माहेर-सासरच्या माणसांचे दुःख, नगरला आल्यानंतर सोवळे हळूहळू गळून पडण्याची प्रक्रिया, घरात आसरा घेतलेली मुले, पैशांची सततची चणचण, यांतील काहीही ओळभर जागेत मावणारे नव्हते.

ते मावले ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात. टिळकांच्या निधनानंतर पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र सिद्ध करायचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाई लिहू लागल्या. पतीच्या स्मारकासाठी मागितलेल्या त्या आठवणी लिहिता लिहिता त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची कथा झाल्या. १९३४ ते १९३६ या काळात त्या चार भागांत प्रसिद्ध झाल्या; १९३६ मध्येच नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्या आठवणींत टिळक आहेत, पण केवळ कवी आणि भक्त म्हणून नाहीत. विसराळू, रागीट, उदार, घरात दाणा नसताना पाहुणे आणणारे असे ते हाडामांसाचे टिळक आहेत. समाधीवर त्यांनी मान्य केलेला उणेपणा कोणता होता, हे जिने जवळून पाहिले होते तिने तो प्रेमाने आणि विनोदाने नोंदवून ठेवला.

आणखी एक योग येथे नमूद करावा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते. ते त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्याचा बहुतांश भाग त्यांनीच रचला. ‘अजून पुष्कळ उरले आहे’ हा भाव समाधीवर कोरला गेला आणि उरलेल्यातील बरेचसे काम घरातल्या स्त्रीने पार पाडले. समाधीवर एकाचे नाव असते. त्यामागे कोण कोण होते, हे शोधणे वाचकाचे काम असते.

९. क्षेत्रीय उपक्रम : एका शिळेची नोंद

आपल्या गावातील किंवा शहरातील जुनी दफनभूमी, समाधी, वीरगळ अथवा दानलेख निवडा आणि पुढील सूचनांनुसार नोंद तयार करा.

(१) प्रवेशापूर्वी चर्चचे धर्मगुरू, विश्वस्त किंवा तेथील रखवालदार यांची परवानगी घ्या. ती जागा कोणाच्या तरी आई-वडिलांची आहे, हे विसरू नका. कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी स्वच्छ करून फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. अशा दिवशी निरीक्षण करावे, पण प्रश्न विचारण्याची घाई करू नये.

(२) अक्षरांवर खडू, कोळसा, पीठ किंवा तेल घासू नका. तारेचा ब्रश आणि आम्ल कदापि वापरू नका. मऊ कुंचल्याने माती झटका. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून छायाचित्र त्या वेळी घ्या.

(३) मजकूर जसाच्या तसा, त्याच ओळी तोडून, चुकांसह उतरवून घ्या. तुम्हांला चूक वाटणारे रूप त्या काळचे प्रचलित रूप असू शकते. न लागणारे अक्षर अंदाजाने भरू नका. तेथे टिंबे द्या.

(४) भाषा, लिपी, कालगणना (इसवी सन की शक), व्याकरणिक पुरुष, संबोधन आणि विशेषणे यांची स्वतंत्र नोंद करा. शिळा काळ्या पाषाणाची आहे की संगमरवराची, अक्षरे खोदीव आहेत की उठावाची, हेही लिहा.

(५) मजकुरात काय नाही, याची यादी करा. पत्नीचे नाव आहे का? जन्मगाव आहे का? व्यवसाय आहे का? लेख कोणी लिहविला, हे कळते का?

(६) अलीकडच्या काळातील खासगी व्यक्तींची नावे आपल्या अहवालात देऊ नका.

ही नोंद परीक्षेपुरती आहे, असे मानू नका. पाऊस, शेवाळ, झाडांची मुळे आणि बांधकामाची गरज यांपुढे दगडही हार मानतो. संगमरवरी पाटी निघून गेली की तिच्याखालचा माणूस अनामिक होतो. तुमच्या वहीतील अचूक प्रत ही कदाचित त्या मजकुराची एकमेव उरलेली प्रत ठरेल.

१०. सारांश

स्मृतिशिला ही मोजक्या शब्दांत घेतलेल्या निर्णयांची संहिता असते. सलाबतखानाच्या कबरीच्या उदाहरणात वास्तू टिकून नाव हरवले. सिंथिया फरार यांचे नाव इतरांच्या कार्यातून टिकले. टिळकांच्या समाधीत स्थळ, नाव आणि स्वतःचे शब्द एकत्र आले. त्या ओळीतील प्रथमपुरुष, देवाशी असलेली एकेरी सलगी, ‘अजून’चा उघडा काळ आणि उणेपणाची कबुली यांतून मराठी संतपरंपरा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ दिसतो. दहनानंतर रक्षा ख्रिस्ती भूमीत ठेवण्याची कृतीही तेच सांगते. तथापि शिळेवरील मौन वाचण्यासाठी शिळेबाहेरची साधने लागतात. टिळकांच्या बाबतीत ते साधन लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आहे. समाधी पाहून आलेल्या विद्यार्थ्याने हे पुस्तक वाचावे आणि पुस्तक वाचलेल्याने एकदा समाधीपाशी जाऊन यावे. दोहोंपैकी एकाने काम भागत नाही.

११. ‘आपली प्रगती तपासा’ : उत्तरसूचना

१ (अ) सूर्यचंद्र असेपर्यंत वीराची कीर्ती टिकावी, हा संकेत त्यातून व्यक्त होतो.
१ (आ) वास्तू टिकली तरी तिच्यामागील नाव वाचले व सांगितले गेले नाही, तर लोकस्मृती तेथे दुसरे प्रिय नाव बसवते.
२ (अ) धर्मांतरामुळे जात व भावकीशी संबंध तुटल्याने अंत्यसंस्कारासाठी नव्या समाजाचा आणि स्वतंत्र जागेचा आधार आवश्यक झाला.
२ (आ) ख्रिस्ताची भक्ती स्वीकारताना मराठी रीतिभाती टाकण्याचे कारण नाही, ही भूमिका व्यक्त होते.

सरावासाठी प्रश्न

१. स्मृतिशिला ही एक ‘संहिता’ आहे, हे विधान दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. टिळकांच्या समाधीवरील ओळीचे भाषिक विशेष सविस्तर लिहा.
३. ‘थडगे’, ‘कबर’ आणि ‘समाधी’ या शब्दांतील अर्थच्छटांची तुलना करा.
४. टीप लिहा : समाधी आणि ‘स्मृतिचित्रे’ – स्मारकाची दोन रूपे.